कातड्यासाठी कातडे : बीव्हरची टोपी आणि ती मऊ करणारा घाम

‘बीव्हरने कॅनडा घडवला’ हे वाक्य त्या देशाच्या इतिहासाबद्दल बोलताना सर्रास ऐकायला मिळते. १९३७ पासून तिथल्या पाच सेंटच्या नाण्यावर बीव्हर आहे. १९७५ साली तर संसदेने कायदा करून त्याला राष्ट्राचे चिन्ह केले. उंदराच्या कुळातल्या, दातांनी झाडे पाडणाऱ्या एका प्राण्याला एवढा मान मिळाला, हे वाचून गंमत वाटते. आम्हाला मात्र गमतीबरोबर शंकाही येते. देश घडवल्याचे श्रेय जेव्हा एखाद्या जनावराला दिले जाते, तेव्हा ते कोणत्या माणसांकडून काढून घेतले आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बीव्हरने स्वतःचे कातडे स्वतः सोलले नाही, ते स्वतः खरवडले नाही आणि लंडनच्या बाजारात स्वतः नेऊन विकलेही नाही.

हा लेख त्या माणसांविषयी आहे.

फर आणि कुरतडणारे प्राणी

फर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोल्हा किंवा मिंक येतो. पण फरच्या व्यापाराचा फार मोठा भाग कुरतडणाऱ्या प्राण्यांवर चालला. या प्राण्यांना जीवशास्त्रात कृंतक म्हणतात. उंदीर, घूस, खार हे आपल्या ओळखीचे कृंतक. बीव्हर, मस्करॅट, दक्षिण अमेरिकेतले चिंचिला आणि न्यूट्रिया हेही त्यातलेच. (ससा दिसायला तसाच वाटला तरी तो वेगळ्या गणातला आहे.) या सगळ्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्यांना सतत काहीतरी कुरतडावे लागते.

थंड प्रदेशात राहणाऱ्या कृंतकांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब आणि राठ, आतली लव आखूड, मऊ आणि दाट. बीव्हर तर बर्फाखालच्या पाण्यात पोहतो. पाणी कातडीपर्यंत पोहोचू नये इतकी त्याची लव दाट असते. या लवेच्या प्रत्येक केसाला सूक्ष्मदर्शकाखाली दिसतील असे बारीक काटे असतात. ओलावा, उष्णता आणि दाब दिला की हे केस एकमेकांत अडकतात आणि त्यांचा घट्ट नमदा तयार होतो. तो भिजला तरी आकार सोडत नाही. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपात सभ्य पुरुषाच्या डोक्यावर जी टोपी असे, ती या नमद्याची. केसाळ कातडे डोक्यावर घालण्याची ती फॅशन नव्हती. कातड्यावरची लव काढून, तिचा नमदा करून, त्याची टोपी बनत असे.

बीव्हरच्या आधी मान होता खारीला. उत्तरेकडच्या थंडीत खारीची पाठ राखाडी आणि पोट पांढरे होते. ती पोटाची पांढरी कातडी जोडून सरदारांचे झगे शिवले जात, आणि एकेका राजेशाही पोशाखाला हजारो खारी लागत. रशियातल्या नोव्हगोरोड शहराची श्रीमंती बऱ्याच अंशी या खारींवर उभी होती. आणि ही फर कोणी घालावी, हे कायद्याने ठरत असे. इंग्लंडमध्ये १३६३ साली झालेल्या कायद्याने कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते कापड आणि कोणती फर वापरायची याची उतरंड लावून दिली. साध्या शेतकरी-मध्यमांच्या बायकामुलींना कोकरू, ससा, मांजर आणि कोल्हा यापलीकडची फर बंद. तो कायदा पुढच्याच वर्षी मागे घेतला गेला, पण तशाच धर्तीचे कायदे पुढची दोनशे वर्षे पुन्हा पुन्हा येत राहिले. अंगावरच्या कपड्यावरून माणसाची पायरी ओळखू यावी, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे ही पायरी जन्माने कायमची चिकटवली गेली, तिथे ती पद आणि उत्पन्नावर होती. हा फरक मोठा आहे, तो पुसून चालणार नाही. पण पेहरावातून माणसाला खाली ठेवता येते, हे दोन्हीकडच्या सत्ताधाऱ्यांना नीट ठाऊक होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत टाकायला सांगितली, ती हे ओळखूनच.

जुनी पांघरुणे महाग का?

आता या इतिहासातली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट.

टोप्यांच्या मागणीपायी युरोपातले बीव्हर जवळजवळ संपले आणि व्यापाऱ्यांची नजर उत्तर अमेरिकेकडे वळली. तिथून दोन प्रकारची बीव्हरची कातडी येत. एक कोरे कातडे : प्राणी मारला, कातडे सोलले, ताणून वाळवले आणि विकले. दुसरा प्रकार वापरलेल्या कातड्याचा. क्री, इन्नू आणि इतर लोक हिवाळ्यात पाच ते आठ कातडी एकत्र शिवून पांघरुण करत आणि ते केसांची बाजू आत ठेवून अंगावर घेत. शिवण्याआधी कातड्याची आतली बाजू खरवडून तिला प्राण्यांच्या हाडातली मज्जा चोळत. वर्ष-दीड वर्ष ते पांघरुण रात्रंदिवस अंगावर राहिले की वरचे राठ केस घासून गळून जात. अंगाच्या घामाने आणि तेलाने आतली लव मऊ आणि चिकट होई.

टोपीवाल्याला नेमके हेच हवे होते. कोऱ्या कातड्यावरचे राठ केस उपटणे हे कटकटीचे काम. लव विंचरून वेगळी करण्याची कला त्या काळी रशियन कारागिरांना साधली होती, म्हणून काही माल अमेरिकेहून युरोपात आणि तिथून रशियात पाठवून परत आणावा लागे. वापरलेल्या पांघरुणात ते काम आधीच झालेले असे. शिवाय ही घामट लव मिसळल्याशिवाय चांगला नमदा जमत नसे. त्यामुळे कोऱ्या कातड्यापेक्षा दुसऱ्याने अंगावर वापरून जुने केलेले कातडे महाग विकले जाई. फ्रेंच व्यापारी त्याला ‘तेलकट बीव्हर’ म्हणत.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. लंडन आणि पॅरिसचा प्रतिष्ठित पुरुष ज्या माणसांना ‘रानटी’ म्हणत होता, त्यांचाच घाम मुरलेली लव तो डोक्यावर मिरवत होता. ती टोपी वडिलांकडून मुलाकडे जात असे. टोपी उतरवून मान देणे, टोपी न उतरवून अपमान करणे, असा सगळा शिष्टाचार तिच्याभोवती उभा राहिला. टोपीला प्रतिष्ठा मिळाली. तो घाम ज्यांचा होता, त्यांना मात्र मिळाली नाही. आपल्याकडे कातडे कमावणाऱ्याला शिवायचे नाही आणि त्याने केलेली चप्पल मात्र घालायची, ही रीत आम्हाला तोंडपाठ आहे. तिथे शिवाशिवीचा नियम नव्हता. पण वस्तू ठेवायची आणि माणूस पुसायचा, ही चाल ओळखीची आहे.

एकाच राजाची दोन दाने

हा व्यापार ज्या कंपनीच्या नावाने ओळखला जातो ती हडसन्स बे कंपनी. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने २ मे १६७० रोजी आपला चुलतभाऊ प्रिन्स रूपर्ट आणि त्याच्या भागीदारांना सनद दिली. हडसन उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांच्या खोऱ्यांत व्यापाराची मक्तेदारी आणि त्या भूमीचे स्वामित्व, दोन्ही त्यांना मिळाले. हा प्रदेश आजच्या कॅनडाच्या एक तृतीयांशाहून मोठा आहे. राजाने तो पाहिलेला नव्हता, त्याच्या सरहद्दी त्याला माहीत नव्हत्या, आणि तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांना त्याने विचारलेही नव्हते. भाडे काय? राजा किंवा त्याचा वारस त्या प्रदेशात आला तर दोन एल्क हरणे आणि दोन काळे बीव्हर.

हाच तो राजा, ज्याला पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या लग्नाच्या करारात मुंबई मिळाली, आणि ज्याने १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. दोन वर्षांत, एकाच हाताने, दोन खंडांतली परकी भूमी दोन कंपन्यांच्या नावे झाली. एकीकडे भाडे सोन्यात, दुसरीकडे जनावरांत. मुंबईच्या कोळी-भंडाऱ्यांना जसे कोणी विचारले नाही, तसेच क्री आणि डेने लोकांनाही विचारले नाही. तेव्हा मुंबईचा आणि कॅनडातल्या बीव्हरचा संबंध काय, असे कोणी म्हणाले तर आमचे उत्तर असे की दोन्ही दानपत्रांवर सही एकाच राजाची आहे.

‘त्यांनी खुशीने विकले’

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तिथल्या लोकांवर कोणी जबरदस्ती केली का? त्यांनी स्वतःच शिकार केली, स्वतःच माल आणला, बदल्यात बंदुका, किटल्या, कुऱ्हाडी, घोंगड्या घेतल्या. मग तक्रार कसली?

या आक्षेपातला खरा भाग आम्ही आधी मान्य करतो. हे लोक भोळे नव्हते. जेझुइट पाद्री पॉल ल ज्यून याने १६३४ साली लिहून ठेवले आहे की त्याचा इन्नू यजमान इंग्रजांची थट्टा करत असे : एका बीव्हरच्या कातड्यासाठी वीस सुऱ्या देणारे हे लोक वेडेच म्हणायचे! त्याच्या दृष्टीने तो घालून घालून जुने झालेले पांघरुण देत होता आणि लोखंड घेत होता. इंग्रज आणि फ्रेंच दोघेही गिऱ्हाईक म्हणून उभे असताना कोणाकडे माल न्यायचा, हे क्री व्यापारी ठरवत. माप पुरे भरा, बंदूक हलकी द्या, पोत जाड द्या, असा आग्रह ते धरत. आर्थर रे आणि डोनाल्ड फ्रीमन या अभ्यासकांनी कंपनीच्या हिशेबवह्या तपासून १९७८ साली हे दाखवून दिले. त्यांना केवळ बळी म्हणणे हाही त्यांचा अपमानच आहे.

पण त्याच वह्यांत दुसरी बाजूही आहे. कंपनीचे चलन होते ‘मेड बीव्हर’, म्हणजे नीट तयार केलेल्या एका मोठ्या बीव्हरच्या कातड्याची किंमत. बंदूक, घोंगडी, दारूगोळा, कोल्ह्याचे किंवा मस्करॅटचे कातडे, सगळे याच मापात मोजले जाई. पुढे तर याची पितळी नाणीही निघाली. दर लंडनहून ठरून येत. पण ठाण्यावरचे अधिकारी प्रत्यक्षात त्याहून जास्त कातडी वसूल करत आणि वरचा भाग ‘वाढावा’ म्हणून वहीत दाखवत. हा वाढावा नियमित होता आणि कंपनीला तो माहीत होता. जिथे दुसरा गिऱ्हाईक होता तिथे हे कमी चाले, जिथे नव्हता तिथे जास्त. म्हणजे खुशीचा सौदा किती खुशीचा होता, हे समोर दुसरा पर्याय आहे की नाही यावर अवलंबून होते. १८२१ साली हडसन्स बे आणि तिची प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनी एक झाल्या, तेव्हा मोठ्या भागात तो पर्याय संपला.

आणि सौदा फक्त ठाण्याच्या खिडकीत होत नव्हता. कातड्यांच्या प्रदेशासाठी लढाया पेटल्या. १६४९ साली होडेनोशोनी संघाच्या हल्ल्यांत वेन्डाट लोकांचा संघ मोडला. ही युद्धे १७०१ च्या माँट्रियल तहापर्यंत धुमसत राहिली. युरोपातून आलेला देवीचा रोग व्यापाराच्या वाटांनीच आत शिरला, आणि १७८१-८२ च्या साथीत पश्चिमेकडची वस्तीच्या वस्ती ओस पडली. हा खर्च कोणत्याही मेड बीव्हरमध्ये मोजलेला नाही.

ज्यांची नावे वहीत नाहीत

बीव्हर मारणाऱ्या पुरुषाची नोंद निदान ‘शिकारी’ म्हणून होते. त्यापुढचे सगळे काम बायकांचे. कातडे खरवडणे, ताणणे, मज्जा चोळणे, शिवणे. बर्फावर चालायच्या बुटांचे जाळे विणणे, कारण त्याशिवाय हिवाळ्यात शिकार अशक्य. झाडाच्या साली आणि मुळ्यांनी होड्या सांधणे. वाळवलेल्या मांसाची चरबी घालून पेमिकन करणे, कारण व्यापाऱ्यांच्या होड्या त्याच्या जोरावर महिनोन् महिने चालत. यातले एक काम जरी थांबले असते तरी लंडनला एक टोपी गेली नसती.

एक नाव मात्र वाचले आहे : थानाडेल्थुर. ही डेने तरुणी क्री लोकांच्या कैदेतून सुटून यॉर्क फोर्टला पोहोचली. १७१५-१६ च्या हिवाळ्यात तिने क्री आणि डेने यांच्यात सलोखा घडवून आणला आणि त्या व्यापाराचा मार्ग उत्तरेला खुला केला. फेब्रुवारी १७१७ मध्ये ती वारली. तिच्याबद्दलची माहिती कंपनीच्याच अधिकाऱ्याच्या रोजनिशीत आहे, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. ज्यांच्याविषयी लिहायचे कोणाला सुचले नाही, त्या हजारो होत्या.

कंपनीचे साहेब तिथल्या स्त्रियांशी स्थानिक रिवाजाने संसार करत. त्यांची भाषा, नातीगोती आणि श्रम यांवर ठाणी चालत. सिल्व्हिया व्हॅन कर्क यांनी १९८० साली या संसारांचा इतिहास लिहिला, तोवर त्यांना इतिहासात जागा नव्हती. कंपनीचा सर्वेसर्वा जॉर्ज सिम्पसन याने १८३० साली लंडनला जाऊन आपल्या चुलत बहिणीशी लग्न केले आणि तिला घेऊन परतला. त्याच्यापासून मुले झालेली स्थानिक स्त्री मार्गारेट टेलर बाजूला सारली गेली. इतरांनी साहेबाचा कित्ता गिरवला.

घामाच्या जागी पारा

आता समुद्राच्या दुसऱ्या बाजूला येऊ. जुनी पांघरुणे शेवटी मोजकीच. टोप्यांची मागणी वाढत गेली आणि कोऱ्या कातड्यावरच काम भागवण्याची वेळ आली. तेव्हा कारखानदारांनी लवेला पाऱ्याचे रसायन चोळायला सुरुवात केली. त्याने केसांचे टोक खडबडीत होऊन नमदा पटकन जमतो, अगदी स्वस्त सशाच्या केसांचाही. जे काम माणसाच्या अंगाने वर्षभरात होत होते, ते पारा काही तासांत करू लागला.

पण बंद खोलीत, गरम वाफेत काम करणाऱ्या टोपी-कामगाराच्या शरीरात तो पारा जात होता. हात थरथरणे, दात पडणे, जीभ अडखळणे, विनाकारण घाबरणे, मन बिघडणे ही त्याची लक्षणे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातले डॅनबरी हे टोप्यांचे गाव. तिथे या कंपाला ‘डॅनबरी शेक्स’ असे नावच पडले. इंग्रजीत वेड्या माणसाला टोपीवाल्याची उपमा देतात आणि लोक त्यावर हसतात. ज्याच्या आजाराची म्हण होते, त्याच्या औषधाची सोय मात्र होत नाही. अमेरिकेतल्या टोपी उद्योगात पाऱ्यावर बंदी यायला १९४१ साल उजाडले. विषारी आहे हे त्याआधी कित्येक दशके डॉक्टर सांगत होते.

म्हणजे एका टोपीत दोन शरीरे आहेत. एक जंगलातल्या माणसाचे, ज्याचा घाम लागला. दुसरे शहरातल्या मजुराचे, ज्याचे हात कापले आणि डोके गेले. घालणाऱ्याला यातले काहीच दिसत नव्हते. त्याला फक्त चकाकी दिसत होती.

प्राणी संपला, जमीन विकली

बीव्हरलाही यातून सुटका नव्हती. अमेरिकन शिकारी पुढे सरकू नयेत म्हणून १८२० च्या दशकात सिम्पसनने स्नेक नदीच्या खोऱ्यातले बीव्हर संपवून टाकण्याचे धोरण घेतले. कातडीच उरली नाहीत तर शत्रू येईल कशाला, हा हिशेब. बीव्हर ओढ्यांवर बांध घालतो, त्यातून तळी आणि पाणथळ जागा तयार होतात, त्यांवर मासे, पक्षी आणि माणसे जगतात. बीव्हर गेला की बांध फुटतो आणि पाणी वाहून जाते. राजकारणाच्या एका चालीसाठी एक अख्खे खोरे उजाड करायचे ठरले, आणि हे सगळे व्यवस्थित पत्रव्यवहार करून. त्याला फक्त फॅशनने वाचवले : १८३०-४० च्या सुमारास रेशमी टोपी आली आणि बीव्हरची मागणी घसरली.

मग कंपनीने शेवटचा माल विकला, म्हणजे जमीन. ३ लाख पौंडांना तो सगळा प्रदेश १८७० साली कॅनडाकडे गेला. सुपीक पट्ट्याचा विसावा हिस्सा कंपनीने स्वतःकडे ठेवला. पुन्हा एकदा, तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. फरच्या व्यापारातूनच जन्मलेल्या मेटी समाजाने लुई रिएलच्या नेतृत्वाखाली १८६९-७० मध्ये विरोध केला. १८८५ साली दुसऱ्या उठावानंतर रिएलला फाशी दिले.

बीव्हर वाचवण्याच्या कथेतही हाच प्रकार. १९३० च्या दशकात ‘ग्रे आऊल’ या नावाने एक लेखक बीव्हरचा तारणहार म्हणून जगभर गाजला. तो स्वतःला तिथल्या मूळ रहिवाशांचा वंशज म्हणवत असे. १९३८ साली तो वारल्यावर उघड झाले की तो इंग्लंडमध्ये जन्मलेला आर्ची बेलानी. त्याला सापळे लावण्यापासून परावृत्त केले ते त्याची मोहॉक पत्नी अनाहारेओ हिने. आईवेगळी दोन पिल्ले वाढवायचा हट्ट तिचा. पण प्रसिद्धी मिळाली खोटे नाव घेतलेल्या साहेबाला. श्रम, जमीन, कातडे यांनंतर ओळख तेवढी उरली होती, तीही नेली.

शेवटी आमचे म्हणणे

हडसन्स बे कंपनीच्या ढालीवर चार बीव्हर आहेत आणि खाली लॅटिन बोधवाक्य आहे, त्याचा रूढ अर्थ ‘कातड्यासाठी कातडे’. कंपनीने ते अभिमानाने लिहिले. आम्ही ते कबुलीजबाब म्हणून वाचतो. बीव्हरच्या कातड्यासाठी कोणाचे कातडे गेले, ते वर सांगितले आहे. १६७० ची ती कंपनी पुढे मोठमोठी दुकाने चालवत राहिली आणि कर्जबाजारी होऊन जून २०२५ मध्ये तिची दुकाने बंद झाली. वर्तमानपत्रांत ३५५ वर्षांच्या वारशाबद्दल हळहळ व्यक्त झाली. ती हळहळ पुन्हा दुकानांसाठी, घोंगड्यांवरच्या रंगीत पट्ट्यांसाठी.

कॅनडाचा थोर इतिहासकार हॅरॉल्ड इनिस याने १९३० साली फरच्या व्यापारावर ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवात बीव्हरच्या वर्णनाने होते. पण त्याच ग्रंथाच्या शेवटी त्याने कबूल केले आहे की कॅनडाच्या संस्थांच्या पायाशी तिथल्या मूळ लोकांची संस्कृती आहे, आणि हे अजून आपल्या ध्यानात आलेले नाही. लोकांनी ग्रंथाची पहिली पाने लक्षात ठेवली आणि शेवटची विसरली. म्हणून बीव्हर नाण्यावर गेला.

नाण्यावरून बीव्हर काढा, असे आमचे म्हणणे नाही. तो बिचारा निरपराध आहे. आमची मागणी एवढीच की संग्रहालयात काचेमागे ठेवलेली चकचकीत टोपी पाहताना तिच्याखालच्या पाटीवर फक्त मालकाचे आणि दुकानाचे नाव असू नये. ती लव कोणाच्या अंगावर वर्षभर होती, कोणत्या बाईने ते कातडे खरवडले, कोणत्या मजुराच्या फुप्फुसात त्याचा पारा गेला, हेही लिहिलेले असावे. त्यांची नावे मिळणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. मग निदान एवढे लिहा की ती माणसे होती, आणि त्यांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत.